राजीखुशीने

पोतं गव्हाचं होतं. टच्च भरलेलं, तोंड सुतळीने शिवलेलं आणि अंगावर निळ्या शाईत आमच्या वडिलांचं आडनाव. दादाने ते खांद्यावरून वेदीच्या पायरीशी उतरवलं, हात झटकले आणि माझ्याकडे बघून हसला.

२०२२चा एप्रिल. ईस्टर होऊन गेला होता आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुगीचा सण होता. गहू-हरभरा घरात आला की आम्ही तो करतो. कुणी पोतं आणतं, कुणी कांद्याची गोणी, कुणी कोंबडी, कुणी डझनभर अंडी. ज्यांना शेती नाही ते पाकीट ठेवतात. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली सगळ्याचा लिलाव होतो. तीनशेची कोंबडी हजाराला जाते आणि घेणाराच फुशारतो, कारण पैसे मंडळीचे असतात.

अर्पणावरची प्रार्थना माझ्याकडे होती. मी केली. प्रभू, जे तुझ्या हातून मिळालं त्यातलंच तुला परत देतो आहोत, वगैरे. छान झाली. डोळ्यांत पाणी आलं असं दोघीतिघींनी नंतर सांगितलं. आणि ते सगळं तोंडाने म्हणत असताना आत एकच वाक्य चालू होतं: हा गहू विहिरीच्या खालच्या तुकड्यातला आहे. म्हणजे माझ्या दोन एकरांतला.

कुणालाही काही कळलं नाही, हेच मला त्या रात्री खुपत राहिलं. जीभ अडखळली असती तर बरं झालं असतं.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात, मधे दोन गल्ल्या आणि एक पार. त्यामुळे मंडळीही एकच. मी शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमचे हे महावितरणात लाइनमन. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, चार गावं आहेत, आमच्या वाट्याला ते महिन्यातून दोन रविवार येतात. उरलेल्या रविवारी उपासना आम्हीच चालवतो, आणि ‘आम्ही’ म्हणजे बहुतेक वेळा मी. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, माझ्याकडे, शुक्रवारची महिलांची प्रार्थना माझ्याकडे, नाताळात मुलांचं नाटक माझ्याकडे. माझी आजी वडाळा मिशनची बायबलबाई होती. अनवाणी पायांनी गावोगाव फिरून बायबल सांगायची, ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं तोंडपाठ. ‘आजीवर गेलीस’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की सेवा करायची की नाही, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. मीही विचारला नाही.

आमच्या घराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पणजोबा ख्रिस्ती झाले ते १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर. अमेरिकन मिशन नगरला १८३१पासून होतं, पण आमच्या भागातली पुष्कळ घरं त्या दुष्काळाच्या मागेपुढे मंडळीत आली. आणि तेव्हापासून ‘धान्यासाठी धर्म घेतला’ हे टोमणे. मी शाळेत असतानाही ते ऐकलेत. त्यामुळे आमच्या घरात ‘घेणं’ या गोष्टीचीच धास्ती होती. लग्नाला गेलं तरी वडील आधी आहेराचं पाकीट द्यायचे, मग पंगतीला बसायचे. कुणाचं काही घेतलं असं कुणी म्हणू नये. मागणं तर फारच लांब. ही सवय किती खोल गेली होती ते मला फार उशिरा कळलं.

वडील २००८ साली गेले. मिशनच्या शाळेत मास्तर होते. फंडाच्या पैशांतून आणि आईच्या काटकसरीतून सहा एकर करून ठेवली होती. मृत्युपत्र केलं नव्हतं. पुढच्या वर्षी दादा म्हणाला, “बेबी, एकदा नेवाशाला येऊन सही करून जा. हक्कसोड करून घेऊ, म्हणजे सोसायटीचं कर्ज काढायला बरं.” आपण काही मागतोय असं त्याला वाटलं नव्हतं आणि आपण काही देतोय असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे असंच चालतं. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, माहेर शाबूत राहतं. आमचे हे म्हणाले, “करून टाक. माहेरचं खाऊन कोण मोठं झालंय?”

निबंधक कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, यंत्रावर अंगठा ठेवला. टेबलापलीकडच्या माणसाने कागदावरून मान वर न करता विचारलं, “राजीखुशीने करताय ना? कुणाचा दाब नाही ना?”

“हो. नाही,” मी म्हणाले. हसून म्हणाले. येताना वहिनीने डाळिंबी रंगाची, जरीकाठाची साडी घेतली. ती मी दोनदा नेसले.

त्या ‘हो’मध्ये खोट होती हे लगेच कळलं नाही. दाब कुणाचाच नव्हता, हे खरं. पण राजीखुशी होती का? मी विचारच केला नव्हता. ‘नाही’ म्हटलं तर लोक काय म्हणतील, एवढंच काय ते आत कुठेतरी हललं होतं.

राग नंतर आला, हप्त्याहप्त्याने आला. शाळेचा रस्ता त्या शेतावरूनच जातो. रोज सकाळी स्कूटीवरून जाताना ऊस दिसायचा, मग नवी बोअर दिसली, मग ठिबकच्या काळ्या नळ्या. माझ्या मुलाच्या फीसाठी आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढलं त्याच वर्षी दादाने ट्रॅक्टर आणला. तो पेढे घेऊन घरी आला. मी ट्रॅक्टरसाठी प्रार्थना केली. आमच्यात नव्या वस्तूवर प्रार्थना करतात. तीही छान झाली.

शाळेत मधल्या सुट्टीत बायका मुलींच्या हक्काबद्दल बोलायच्या. महाराष्ट्रात १९९४ला आलेला कायदा, मग २००५चा केंद्राचा. कुणीतरी विचारलं, “तुमच्यात कसं असतं हो मॅडम?” मला सांगता आलं नाही. मावसभाऊ नगरला वकिली करतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, “तुला माहीत नाही? आपल्याला तो कायदा लागूच नाही. आपल्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा. मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश विधवेचा, राहिलेले दोन तृतीयांश मुलांचे. मुलगा-मुलगी भेद नाही. सारखे.” सहा एकरांत आईचे दोन, दादाचे दोन, माझे दोन. शेजारणींना जे १९९४ला मिळालं ते आमच्या पुस्तकात माझ्या आजीच्या वेळेपासून होतं, आणि आजीनेही बहुधा सही केली असणार. मला हे कळलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. उलट राग दुप्पट झाला, कारण आता त्याला आकडा मिळाला होता.

या सगळ्या वर्षांत मी चर्चमध्ये क्षमेवर किती संदेश, म्हणजे प्रवचनं, दिले ते मोजलं तर लाज वाटेल. सत्तर वेळा सात, उधळा पुत्र, योसेफ आणि त्याला विकून टाकणारे त्याचे भाऊ. योसेफ तर माझा हातखंडा. लोकांना आवडायचे. मला आता वाटतं, ते संदेश मी दादाला ऐकवत होते. तो तिसऱ्या बाकावर बसून मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर म्हणायचा, “बेबी, आज फार छान बोललीस.”

घरी मात्र तोंडाला धार आली होती. यांच्यावर, मुलांवर, भांड्यांवर. शब्बाथ शाळेत एका मुलीला पाठांतर आलं नाही म्हणून मी इतकी ओरडले की ती पुढचे दोन रविवार आली नाही. आणि प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आमच्याकडे तो महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. भाकर घेण्याआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात लिहिलंय आणि पाळकसाहेब ते दर वेळी वाचतात. मी त्यावर एक युक्ती काढली होती: नेमकं त्याच वेळी मुलांचा वर्ग मागच्या खोलीत घ्यायचा. “ताई मुलांसाठी प्रभुभोजन सोडतात,” असं कुणीसं कौतुकाने म्हणालं. मी नको म्हटलं नाही.

आई २०२१च्या जानेवारीत गेली. तिचं शेवटचं सगळं दादा-वहिनीने केलं. दीड वर्ष ती अंथरुणावर होती. मी रोज संध्याकाळी जायचे, पण रात्री वहिनी उठायच्या. हे मला लिहायलाच हवं, कारण माझ्या मनातल्या खटल्यात मी हा पुरावा कधीच दाखल करून घेतला नव्हता.

आणि मग, त्या गव्हाच्या पोत्यानंतर आठ दिवसांनी, दादा दुसरा कागद घेऊन आला. आईच्या नावावरचे दोन एकर. त्यात आता आम्ही दोघे वारस, एकेक एकर. “तेवढी एक सही राहिली,” तो म्हणाला. चहा प्यायला, नातवाचे फोटो दाखवले आणि गेला. मी कागद कपाटात ठेवला, शब्बाथ शाळेच्या चित्रांच्या खोक्याखाली.

पाळकसाहेबांना विचारलं. चांगले गृहस्थ आहेत, माझ्यापेक्षा लहान. ते म्हणाले, “सोडून द्या ताई. स्वर्गात कुठे सातबारा असतो?” मी हसले. घरी येताना मात्र मनात आलं, हे वाक्य आजवर किती भावांना सांगितलं गेलं असेल?

शुक्रवारच्या महिला प्रार्थनेत आम्ही तेव्हा बायबलमधलं गणनेचं पुस्तक वाचत होतो. गणना कुणी वाचत नाही; शिरगणती, तंबूंच्या जागा, कंटाळा येतो. पण मी हट्टाने क्रमाने चालले होते. सत्ताविसावा अध्याय आला. सलाफहाद नावाचा माणूस वाळवंटात मेला, त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. वाचणारी बाई होग्लावर अडखळली, सगळ्या हसल्या. मग पुढे वाचलं गेलं की त्या पाच जणी मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर, दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाच्या भावांबरोबर आम्हालाही वाटा द्या. मोशेने तो वाद परमेश्वरापुढे नेला. परमेश्वर म्हणाला, मुलींचं म्हणणं बरोबर आहे.

खोलीत कुणी बोलेना. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, “मी पण सही केलीय.” दुसरी म्हणाली, “मला तर विचारलंच नाही, घरी कागद आणला.” चौदा जणी होतो, नऊ निघाल्या. एकीने पैठणच्या बाजूची पाच एकर सोडली होती आणि तिला भावाने साडीही घेतली नव्हती. ते ऐकून आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली, आणि मग ती रडायला लागली. त्या दिवशी प्रार्थना अशी झालीच नाही. मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर काही बोलले नाही. मलाही सही केलीय म्हणायचं होतं, पण माझी वहिनी समोरच बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, जमिनीकडे बघत.

इथून पुढे सगळं सोपं झालं असतं तर चर्चमध्ये उभं राहून सांगायला चांगली साक्ष झाली असती. मला वाटलं, चला, देवाचाच निकाल मिळाला. पुढच्याच शुक्रवारी एक तरतरीत सूनबाई म्हणाली, “पण ताई, लूकमध्ये तो माणूस येशूला म्हणतो ना, माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा, तर येशूने नाही म्हटलं की.” बाराव्या अध्यायात आहे. मला वाटणी करणारा कुणी नेमलं, असं येशू विचारतो आणि लगेच लोभाबद्दल सावध करतो. त्यापाठोपाठ कोठारं बांधणाऱ्या मूर्ख श्रीमंताची गोष्ट. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली.

ते दोन महिने वाईट गेले. रात्री उठून मी मोबाइलवर एकराचा भाव बघायचे. बघायचे आणि स्वतःची किळस यायची. सकाळी ठरवायचे, सही करून टाकू, मोकळं होऊ. स्कूटी शेताजवळ आली की ठरवायचे, मुळीच नाही. संध्याकाळी गुडघे टेकले की प्रार्थना सुचायची ती दोन्ही बाजूंनी. पौलाने रोमकरांस लिहिलंय ना, जे करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच करतो. त्याचं कौतुक वाटायचं की त्याला निदान माहीत होतं, करायचं काय ते. मला तेही कळत नव्हतं. क्षमा म्हणजे सही, की क्षमा म्हणजे सही न करणं?

उत्तर आलं ते माझ्या वर्गासाठी धडा काढताना, आणि तोही न आवडणारा धडा. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, हनन्या आणि सप्पीरा. मुलांना सांगायला हा धडा नेहमी टाळते मी. नवराबायको खोटं बोलतात आणि पडून मरतात, मुलं घाबरतात. तेही जमीन विकतात, काही पैसे ठेवून घेतात आणि उरलेले प्रेषितांच्या पायाशी आणून सगळे दिल्यासारखं दाखवतात. मी नेहमी समजत आले की त्यांचा गुन्हा म्हणजे कमी देणं. त्या रात्री त्या प्रेषितांतल्या पेत्राचं बोलणं नीट वाचलं. तो विचारतो, जमीन होती तोवर ती तुझीच नव्हती का? विकल्यावरही पैसा तुझ्याच ताब्यात नव्हता का? म्हणजे ठेवली असती तरी चाललं असतं! कुणी मागितलीच नव्हती. न दिलेलं दिलंय असं दाखवलं, एवढंच.

मी कपाटातला तो कागद काढला आणि दिव्याखाली धरला. छापील ओळ होती, ‘कोणत्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने’. २००९ साली मी हेच केलं होतं. दादाला जमीन मी दिलीच नव्हती. सोडली होती, आणि वर दिल्याचा मान घेतला होता. चांगली बहीण, आजीवर गेलेली, त्यागी ताई. तेरा वर्षं मी तो मानही खाल्ला आणि अन्याय झालेली म्हणून आतल्या आत स्वतःची कीवही खाल्ली. दोन्हीकडून. दादाला निदान एकाच बाजूने मिळालं होतं.

अर्पणाच्या वेळी आम्ही दर रविवारी म्हणतो की दुःखी मनाने नको, सक्तीने नको, संतोषाने देणारा देवाला आवडतो. करिंथकरांसच्या दुसऱ्या पत्रातलं वचन. मी ते मुलांकडून तालावर पाठ करून घेतलंय.

जुलैत मी दादाकडे गेले. शेतात, विहिरीवर. तो मोटारीचा फ्यूज बघत होता. मी म्हणाले, “दादा, मी सही करणार नाही.”

त्याला आधी कळलंच नाही. “अगं, पुढच्या आठवड्यात कर मग.”

“पुढच्याही नाही. आईच्यातला एक एकर माझ्या नावावर लागू दे. आणि मागची सही पण मी मनापासून केली नव्हती. ती मोडायची नाहीये मला. पण तुला सांगायचं होतं.”

तो वळला. मी त्याचा इतका लाल चेहरा लहानपणी आंब्यावरून भांडलो तेव्हा पाहिला असेल. “मग तेव्हा का नाही बोललीस? हसत हसत सही केलीस तू! मी काय हात धरला होता? आईला दीड वर्ष कुणी उचललं? तू संध्याकाळी यायचीस, बायबल वाचून जायचीस.”

माझ्याकडे या प्रत्येक प्रश्नाला तेरा वर्षं घोटून ठेवलेली उत्तरं होती. एकही कामाला आलं नाही, कारण त्याचा पहिलाच प्रश्न खरा होता. मी म्हणाले, “नाही बोलले. ती माझी चूक. तुझ्यावर तेरा वर्षं डूख धरला, तीही माझी चूक. पण एकर माझा आहे.” हे शेवटचं वाक्य म्हणताना माझे पाय लटपटत होते. घरात कुणीच कधी असं वाक्य म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

चहा आला नाही. त्यानंतर साडेपाच महिने आम्ही बोललो नाही. गावात मंडळी छोटी, सत्तर-ऐंशी घरं. बातमी रविवारपर्यंत पोचली. शुक्रवारच्या नऊ जणींपैकी दोघींनीच मला धीर दिला. बाकीच्या म्हणाल्या, ताई, तुम्ही तरी असं करायला नको होतं.

मत्तयात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. यावरही मी बोललेली आहे, आणि नेहमी उलटं बोललेली आहे; जणू माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. तसं तिथे नाहीच. आता दादाच्या मनात माझ्याविरुद्ध होतं, अगदी उघड होतं. मग मी पाळकसाहेबांना सांगितलं की मिटेपर्यंत संदेश देणार नाही, प्रार्थना चालवणार नाही. ते वैतागले. त्यांचं बरोबर होतं. चार गावांचा माणूस, त्यात मी बसले घरी. “मग करणार काय?” त्यांनी विचारलं. म्हटलं, सतरंज्या घालीन.

आणि खरंच घातल्या. शनिवारी संध्याकाळी झाडू, सतरंज्या, हार्मोनियमवरची धूळ. पहिल्या रविवारनंतर प्रभुभोजनाच्या छोट्या पेल्या धुवायच्या. साठेक असतात, अंगठ्याएवढ्या, आत बोट जात नाही. कापसाची वात करून फिरवावी लागते, नाहीतर तळाशी द्राक्षरसाचा गुलाबी गोल राहतो. आधी हे काम चर्चजवळ राहणारी एक म्हातारी करायची, तिला दिसेनासं झालं होतं आणि कुणाला ते कळलंही नव्हतं. पहिल्या महिन्यात मी पेल्या धुताना मनात संदेश रचत असायची, त्यागावर, नम्रतेवर, सवय जाईना. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा संदेश ऐकायचा म्हणजे तर शिक्षाच. एक तरुण मुलगा उभा राहिला, योसेफावर बोलला, चुकत माकत. माझ्यापेक्षा वाईट बोलला आणि लोक तितकेच रडले. त्या दिवशी फार चडफडले मी. पुढच्या महिन्यात कधीतरी पेल्या धुऊन, उलट्या घालून, दिवा मालवून बाहेर आले आणि लक्षात आलं की गेला तासभर मनात कुणीच नव्हतं. दादा नाही, ऐकणारे लोक नाहीत. फक्त पेल्या होत्या. एवढंच झालं. पुढच्या वेळी पुन्हा सगळे येऊन बसले होते.

२०२३च्या जानेवारीत तलाठी कार्यालयातून नोटीस आली. फेरफाराची, नमुना नऊ. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मला वाटलं, दादाने काहीतरी केलं. केलंच होतं. आईच्या वारसांची नोंद करण्याचा अर्ज त्याने दिला होता आणि त्यात दोन नावं होती, आधी त्याचं, मग माझं. लग्नाआधीचं नाव लिहून पुढे सासरचंही, कुठे अडू नये म्हणून. मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी गेले. वहिनीने दार उघडलं. दादा टीव्ही बघत होता, वळला नाही. म्हणाला, “हरकत आहे का काही?”

“नाही.”

“मग चहा घे.”

माफी कुणी मागितली नाही. मिठीबिठीही मारली नाही. आमच्याकडे तसं नसतं. वहिनी स्वयंपाकघरात चहा गाळताना हळूच म्हणाल्या की त्यांनीही माहेरी सही केलेली आहे, राहुरीला, आणि गेल्या महिन्यात त्यांनी भावाला फोन करून ते बोलून दाखवलं. भावाने फोन ठेवला म्हणे.

एकर दादाच करतो, निम्म्या वाट्याने. काही जण अजून मला लोभी म्हणतात, आणि ते अगदीच खोटं आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पहिल्या वाट्याचे पैसे हातात आले तेव्हा मी ते दोनदा मोजले. बोअरवरून जाताना कधी कधी जुने दोन एकर अजूनही आठवतात. मागच्या महिन्यातही आठवले. तेव्हा मी स्कूटी थांबवून मोठ्याने म्हणते, “दिले.” शेतात काम करणारे बघतात. बघू देत.

प्रभुभोजनाला बसायला लागले त्याला दीड वर्ष झालं. संदेश महिन्यातून एक देते, योसेफावर नाही. पेल्या सोडलेल्या नाहीत.

२०२४च्या सुगीच्या सणाला माझं पोतं होतं. हरभऱ्याचं, माझ्या वाट्यातलं. उचलायला एकटीला जमेना, म्हणून दादा आला. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. दारातून आत येताना तो म्हणाला, “खालून धर गं, खालून. शिवण कच्ची आहे.” मी वरूनच धरलं होतं. मधल्या वाटेत शिवण उसवली आणि हरभरा दोन्ही बाकांखाली घरंगळत गेला. प्रार्थनेसाठी उभा राहिलेला तो तरुण मुलगा थांबला, शब्बाथ शाळेची पोरं बाकांखाली शिरली, आणि दादा माझ्यावर खेकसत ओंजळीने हरभरा गोळा करायला लागला.